चूक टांकसाळीची, की बाहेरची?

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला पांढरा तुकडा निघून गेला आणि हातात नुसतं पिवळं कडं उरलं, तर ते नाणं दुर्मिळ झालं की निकामी? जुन्या नाण्यांच्या बाजारात अशी कडी पारदर्शक पाकिटात घालून, वर ‘एरर’ अशी चिठ्ठी चिकटवून विकायला ठेवलेली असतात. विकणाऱ्याचा चेहरा गंभीर असतो आणि किंमतही. यातली बहुतेक कडी टांकसाळीतून बाहेर पडली तेव्हा पूर्ण नाणी होती. नंतर कुणीतरी मधला तुकडा ठोकून काढला, किंवा नाणं तापवून तो ढिला केला.

हे ओळखायला भिंग पुरतं. दहाचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं आणि सुमारे ७.७ ग्रॅम वजनाचं. बाहेरचं कडं आणि मधली चकती आधी वेगवेगळी असतात. दोन्ही एकत्र ठशाखाली जातात आणि एकाच दाबात एकमेकांत घट्ट रुततात. म्हणजे मधली चकती असताना कड्यावर छाप पडली असेल, तर छिद्राच्या आतल्या भिंतीवर त्या पकडीची खूण राहते आणि नक्षी छिद्राच्या काठाशी एकदम तुटते. मधली चकती मुळात नव्हतीच आणि नुसत्या कड्यावर दाब बसला, तर धातूला आत सरकायला मोकळी जागा मिळते. छिद्र थोडं लहान होतं, काठ गोलसर उतरतो, नक्षीही काठाजवळ आतल्या बाजूला ओघळल्यासारखी दिसते. असं कडं खरोखर दुर्मिळ. ठोकून काढलेलं कडं मात्र कुणीही संध्याकाळभरात तयार करू शकतो.

नाण्यात काहीही विचित्र दिसलं की आधी एक प्रश्न विचारायचा: हे कधी झालं? दाब बसण्याआधी, दाब बसताना, की नंतर? पहिल्या दोन वेळांत झालेलं असेल तर ती टांकसाळीची चूक. तिसऱ्या वेळी झालेलं असेल तर ती इजा, मग ती दिसायला कितीही विलक्षण असो. आणि जी गोष्ट यंत्रात कशी घडली असेल हे सांगता येत नाही, ती बहुधा यंत्रात घडलेली नसते.

त्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. टांकसाळीत धातूचा लांब पट्टा येतो आणि त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि त्यांच्या कडा दाबून किंचित उचलतात, म्हणजे पुढे नाण्याला उठावदार काठ मिळतो. मग प्रेस. वर एक ठसा, खाली एक ठसा, भोवती पोलादाचं कडं. ठशाला कारागीर डाय म्हणतात आणि कड्याला कॉलर. दाब बसला की धातू ठशाच्या खोलगट नक्षीत शिरतो, उरलेला बाजूला पसरू पाहतो आणि कॉलरला अडतो. आधुनिक प्रेस मिनिटाला ७०० ते ८०० नाणी पाडते. या वेगात एखादी चकती वाकडी पडणं, एखादं नाणं अडकून राहणं साहजिक आहे. तपासणीतून बहुतेक सदोष नाणी बाजूला काढली जातात, काही निसटतात.

ठसा हा नाण्याचा उलटा साचा आहे, हे लक्षात ठेवलं की अर्धी कोडी सुटतात. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला चीर पडली तर त्या चिरेत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते, बऱ्याचदा काठापासून अक्षरांतून वळणं घेत जाणारी. ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला तर तिथे नाण्यावर धातूचं सपाट ढेकूळ उमटतं. उलट नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर तो खोल असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ढकललेला धातू बारीक कंगोऱ्यासारखा उभा राहतो. नखाने हलकेच चाचपलं तरी कळतं. बँकेत नाणी मोजून पुड्या बांधणारी यंत्रं कधीकधी नाण्यावर काठाला समांतर गोल ओरखडा उठवतात. तो इतका नेटका असतो की हमखास टांकसाळीचा वाटतो. पण तो खोल असतो आणि अक्षरांना कापून जातो, म्हणून तो नंतरचाच.

आता कडेने चावा घेतल्यासारखं नाणं. वाटीने करंजीच्या पाऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पारी चंद्रकोरीच्या आकाराने अपुरी निघते. पट्ट्यातून चकत्या कापताना नेमकं हेच होतं. पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर पुढच्या चकतीला आधीच्या भोकाची कोर लागते. अशा चकतीची कडा उचलण्याच्या यंत्रात एक गंमत होते. दोन बाजूंनी दाब बसून कडा उचलली जायची असते, पण जिथे चकती अपुरी आहे तिथे दाबायला काही नसतं, म्हणून तिच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब नीट लागत नाही. परिणामी चाव्याच्या थेट समोर नाण्याचा काठ पुसट किंवा गायब असतो. नाणेतज्ज्ञ याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. शिवाय चाव्याजवळची अक्षरं कापलेली नसतात. ती चाव्याकडे निमुळती, पसरट होत जातात, कारण चकती आधीच अपुरी होती आणि धातू मोकळ्या बाजूकडे सरकला.

घरी पंचने किंवा कानसेने केलेल्या चाव्यात यातलं काही नसतं. समोरचा काठ धडधाकट, अक्षरं सुरीने कापल्यासारखी तुटलेली, कापलेल्या भागावर ताज्या धातूचा वेगळा रंग. समोरचा काठ पाहायला जेमतेम दहा सेकंद लागतात, आणि गिऱ्हाईक तेवढंच करत नाही. प्रत्येक खऱ्या नाण्यात हा परिणाम ठळक असतोच असं नाही, हेही खरं. पण चावा खूप खोल आणि समोरचा काठ मात्र उभा आणि भरलेला असेल, तर मी पाकीट परत ठेवीन.

नाणी जमवणाऱ्यांत सगळ्यात जास्त चर्चा होते ती ‘लाखी’ची. नाव ऐकूनच खिशात हात जातो. एका बाजूला आकडा सरळ आणि उठावात, दुसऱ्या बाजूला तोच आकडा आरशातल्यासारखा उलटा आणि खोल. छाप्याचा म्हणजे अशोकस्तंभाच्या सिंहांचा पत्ताच नाही. किंवा नेमकं उलट: दोन्हीकडे सिंह, एकीकडे उठावात, एकीकडे खड्ड्यात.

हे असं होतं. एक नाणं छापून झालं, पण खाली न पडता वरच्या ठशाला चिकटून राहिलं. खाली नवी कोरी चकती आली. आता वरून तिच्यावर ठसा पडतच नाही, पडतं ते चिकटलेलं नाणं. त्या नाण्याची खालची बाजू खालच्या ठशानेच घडवलेली आहे. म्हणून नव्या चकतीच्या खालच्या बाजूला खालच्या ठशाची सरळ छाप येते आणि वरच्या बाजूला त्याच छापेची उलटी, खोलगट प्रतिमा. चिकटलेलं नाणं पहिल्या एकदोन वेळा तरी आकार टिकवतं, म्हणून सुरुवातीची लाखी नाणी अगदी रेखीव असतात. पुढे ते दाबाखाली चपटं होऊन पसरत जातं आणि उलटी प्रतिमा मोठी, अस्पष्ट होते.

नकली लाखी बनवायला प्रेस लागत नाही. लोहाराकडचा शेगडा पुरतो. शेगडा म्हणजे वस्तू जबड्यात पकडून आवळायचं साधन. गॅरेजमध्ये त्यालाच व्हाइस म्हणतात. दोन नाणी एकमेकांना लावून जोरात आवळली की एकाची छाप दुसऱ्यात उलटी आणि खोल उमटते. झालं. फरक एवढाच, की ज्या नाण्यात ती उमटली त्याच्यावर आधीच एक नक्षी होती. ती दबते, चपटी होते, पण पूर्ण जात नाही. उलट्या आकड्याच्या आसपास तिरपा प्रकाश टाकून पाहिलं की सिंहांच्या आयाळीचे, अक्षरांच्या कण्यांचे सपाट अवशेष दिसतात. खऱ्या लाखीची ती बाजू दाब बसण्याआधी कोरी होती, तिथे असं काही सापडायचं कारणच नाही. शेगड्यात आवळलेल्या नाण्याची पाठही बघावी. ती शेगड्याच्या जबड्याला टेकलेली असते, म्हणून तिचे सगळे उंच भाग एकसारखे घासटून चपटे झालेले असतात, नाहीतर तिच्यावर मऊ कातड्याचा वा लाकडाचा पोत उठलेला असतो. काही कारागीर या खुणा राहू नयेत याचीही काळजी घेतात, तेव्हा मात्र मेहनतीचं कौतुक करून पुढे जावं.

ठशावर झालेली चूक आणि नाण्यावर झालेली कारागिरी यांची सर्वांत शिकवण्याजोगी जोडी भारतात नाही, अमेरिकेत आहे. १९१३ ते १९३८ या काळात तिथे पाच सेंटच्या नाण्यावर एका बाजूला रानगवा होता, शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत एका ठशावर काही नको असलेल्या खुणा उमटल्या होत्या. मधे चकती नसताना वरचा आणि खालचा ठसा एकमेकांवर आदळला की अशा खुणा येतात. त्या घालवायला ठसा घासण्यात आला, जरा जास्तच. गव्याचा पुढचा उजवा पाय घासला गेला आणि तीन पायांच्या गव्याची नाणी बाहेर पडली.

संग्राहकांना ती हवीहवीशी झाली, तेव्हा साध्या चार पायांच्या नाण्यावरचा पाय खरवडून तिसरा, चौथा, शंभरावा ‘तीन पायांचा’ गवा तयार झाला. पण घासलेल्या ठशाने आणखीही खुणा ठेवल्या होत्या. खऱ्या नाण्यात पाय नाही पण खूर शिल्लक आहे. गव्याच्या पोटाखालून जमिनीकडे बारीक उंच ठिपक्यांची रांग उतरते. मागच्या पायाला वाळवी लागल्यासारखी खडबडीत किनार आहे. खरवडणारा पाय काढू शकतो, पण पोटाखाली उंच ठिपके कुठून आणणार? धातू काढणं सोपं, वाढवणं अवघड. म्हणून नाण्यावर काय कमी आहे यापेक्षा काय जादा आहे हे आधी बघायची सवय लावावी.

हाच हिशेब अक्षरांना आणि आकड्यांना लागू पडतो. ठशाच्या खोलगट अक्षरात ग्रीस आणि धातूची भुकटी अडकली की नाण्यावर ते अक्षर अर्धवट येतं किंवा येतच नाही. तिथली पार्श्वभूमी मात्र आजूबाजूसारखीच सपाट, तिची चमकही तीच. कुणी आकडा घासून काढला असेल तर तेवढ्याच जागेवर चमक वेगळी आणि खोली किंचित जास्त. दुहेरी दिसणारी अक्षरं हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेचं १९५५चं दुहेरी छापेचं एक सेंट प्रसिद्ध आहे, कारण तिथे ठशावरच नक्षी दोनदा, जरा फिरून, उमटली होती. दोन्ही छापा पूर्ण उंचीच्या आणि गोलसर आहेत. आपल्या हाती पडणारी बहुतेक ‘दुहेरी’ नाणी तशी नसतात. दाबानंतर ठसा किंचित सरकून अक्षराच्या कडेला सपाट पायरी उठते, एवढंच. अशा नाण्यांना फारसं मोल नाही.

धातूच वेगळा असेल तर वजनकाटा आणि लोहचुंबक काढावं. १९४३ साली युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडलं. आधीच्या वर्षाच्या काही कांस्य चकत्या मात्र यंत्रात राहून गेल्या आणि १९४३चं कांस्य नाणं जन्माला आलं. पोलादाचं नाणं २.७० ग्रॅमचं, कांस्याचं ३.११ ग्रॅमचं. यावर दोन तऱ्हेच्या नकला निघाल्या. पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवणारे चुंबकाने पकडले जातात. १९४८चं खरं कांस्य नाणं घेऊन ८चा ३ करणारे चुंबकाला आणि काट्याला फसवतात, पण त्यांना भिंगाखाली ३ची वळणं सांभाळता येत नाहीत.

आपल्याकडचा रुपया १९९२पासून पोलादाचा, तो चुंबकाला चिकटतो. १९९०च्या दशकातला सहा ग्रॅमचा अकरा कोनांचा दोन रुपया तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचा, तो चिकटत नाही. २०११च्या मालिकेत दोनचं नाणं ४.८५ ग्रॅमचं आणि एकचं ३.७९ ग्रॅमचं. म्हणजे दोनची छाप एकच्या चकतीवर पडली आहे असा कुणाचा दावा असेल तर काटा लगेच निकाल देतो. ॲसिडमध्ये बुडवलेलं नाणंही हलकं भरतं, पण त्याची अक्षरं सगळीकडून सारखीच विरघळलेली, काठ बारीक आणि पृष्ठभाग रवाळ असतो.

काही गोष्टी चूकही नसतात आणि इजाही नसतात. मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण, हैदराबादच्या नाण्यांवर तारा, नोएडाच्या नाण्यांवर ठिपका असतो आणि कोलकात्याच्या नाण्यांवर काहीच नसतं. ‘खूण विसरलेलं’ म्हणून दाखवलेलं नाणं बहुधा कोलकात्याचं असतं. आपली नाणी आडव्या दिशेने उलटली की दुसरी बाजू सरळ दिसते. अमेरिकेची नाणी अशीच उलटली तर दुसरी बाजू डोक्यावर उभी असते, कारण तिथली रीतच तशी. न्यू जर्सीहून आलेल्या पुतण्याने दिलेला क्वार्टर एरर नव्हे. आपल्या रुपयाची मागची बाजू मात्र तिरकी किंवा उलटी निघाली तर ठसा फिरलेला होता. ही खरी चूक, फक्त किती अंशांनी फिरलेला यावर तिचं मोल ठरतं.

आणि ‘शोले’तल्या जयचं नाणं? दोन्ही बाजूंना छापा असलेली नाणी जादूगारांच्या दुकानात मिळतात. एक नाणं आतून पोखरतात, दुसरं बारीक करून त्यात बसवतात. सांधा बाहेर काठावर नसतो, आतल्या बाजूला काठाच्या पायथ्याशी असतो, म्हणून कडेकडे पाहणारे फसतात. टेबलावर आपटून पाहा, आवाज बद्द येतो.

आता आपल्याच घरातल्या इजा. रुळावर ठेवून चाकाखाली चपटी केलेली नाणी, म्हणजे मुलांचा जुना आणि जीवघेणा खेळ. त्यांत नक्षी एकाच दिशेला ताणलेली असते आणि काठ सगळा गेलेला असतो, तर कॉलरविना छापलेलं नाणं सगळीकडून सारखंच पसरतं. नदीत किंवा विहिरीत टाकलेली नाणी खड्डे पडून काळी होतात. राणीछाप रुपये माळेत ओवायला कडी जोडली जायची, आणि कडी काढून टाकली तरी काठाच्या एका ठिकाणी डागाचा गोळा, नाहीतर तो घासून लपवल्याची सपाट जागा राहते. माळेतल्या रुपयाला आजीची आठवण म्हणून जी किंमत आहे ती बाजारात मिळणार नाही, ही गोष्ट विकायच्या आधी कळलेली बरी. आणि कोणत्याही परिस्थितीत चिंच, राख, टूथपेस्ट लावून नाणं घासू नये. खरा एरर असला तरी घासलेल्या नाण्याला भाव उरत नाही, शिवाय पुराव्याची चमकही जाते.

बाजारभावाबद्दल एवढंच सांगतो, की जुनी नाणी-नोटा विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीरपणे दिला होता. वैष्णोदेवीची छाप असलेलं पाच किंवा दहाचं नाणंही लाखोंचं नाही. ती स्मारक नाणी होती, बाकी नाण्यांसारखीच चलनात आलेली.

हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांसमोर मात्र हे सगळे नियम ठेवून चालत नाहीत. शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा नाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे काही अक्षरं बाहेरच जायची, तुकडाही कधी गोल, कधी लांबट. एखाद्या शिवराईवर ‘श्री’ निम्मा आहे म्हणून ती एरर ठरत नाही. पूर्ण अक्षरांची शिवराई हाच तिथला अपवाद आणि तीच महाग.

पुण्याकडच्या अंकुशी रुपयासारख्या चांदीच्या नाण्यांवर आणखी एक गुंता असतो. नाण्यावर इथे-तिथे बारीक चिन्हं ठोकलेली दिसतात: फूल, चांदणी, ठिपक्यांचा गुच्छ, कधी नुसती चीर. नव्या संग्राहकाला ती खोडसाळ इजा वाटते. रुपया हातोहात फिरायचा तेव्हा सराफ त्याची चांदी पारखायचे, आत तांबं तर नाही ना हे बघायचे, खात्री पटली की आपली खूण ठोकायचे. झिजलेल्या किंवा परक्या टांकसाळीच्या रुपयावर बट्टा आकारायचे. वर सांगितलेल्या कसोटीने ही इजाच आहे, दाब बसल्यानंतरची, टांकसाळीबाहेरची. पण ती ज्याने केली त्याचा धंदाच नाण्याचा खरेपणा तपासण्याचा होता. लिलावांच्या यादीत अशा रुपयापुढे ‘सराफी खुणा’ अशी वेगळी नोंद असते. खुणा फार असल्या आणि मजकूर झाकला गेला असेल तर भाव उतरतो, एखाददुसरी असेल तर फारसा फरक पडत नाही.